कमोडोर ६४ (१९८० च्या दशकातला घरगुती संगणक) वर पीसीवरून आणलेलं कोआला चित्र (कोआलापेंटर या चित्रं काढायच्या प्रोग्रॅमच्या फाइल-प्रकारातलं) व्ह्यूअरमध्ये उघडत नाही, काय करावं?

बहुतेक वेळा फाइलच्या सुरुवातीचे दोन बाइट, म्हणजे लोड ॲड्रेस (फाइल मेमरीत कुठे भरायची तो पत्ता), उडालेले असतात. हेक्स एडिटरने (फाइलमधले बाइट थेट बदलणाऱ्या प्रोग्रॅमने) तिथे ०० ६० घाला आणि फाइल पुन्हा डिस्कवर टाका. क्रम हाच ठेवा, उलटा घातलात तर मशीन लटकेल. साधी कोआला फाइल बरोब्बर १०,००३ बाइटची: २ लोड ॲड्रेस, ८,००० बिटमॅप, १,००० स्क्रीन, १,००० रंग आणि शेवटचा १ पार्श्वरंगाचा. तुमची १०,००१ भरली तर चित्राचेच पहिले दोन बाइट पत्ता समजले जातात आणि सगळं भलतीकडे लोड होतं. मोजणी पीसीवरच करा. डिस्कच्या यादीत आकार ब्लॉकमध्ये (डिस्कवरच्या जागेचं माप) दिसतो आणि दोन्ही आकारांच्या फाइली ४० ब्लॉकच दिसतात. 'जीजी' प्रकारची फाइल मात्र कॉम्प्रेस केलेली असते, तिला हा हिशेब लागू नाही.