छायाचित्रण : तुमचे प्रश्न
बॅगेत जादा लेन्स एकच

प्रश्न : मी निवृत्त शिक्षिका आहे. माझ्याकडे कॅननचा १५००डी कॅमेरा, त्याच्यासोबत आलेली १८-५५ लेन्स, लांबचं जवळ आणणारी एक ५५-२५० लेन्स आणि मुलीने वाढदिवसाला दिलेली ५० मिमी लेन्स आहे. सगळं एका सॅकमध्ये घालून फिरते. उजवा खांदा भरून येतो, आणि सॅक उतरवून कॅमेरा बाहेर काढेपर्यंत समोरचा माणूस निघून गेलेला असतो. आषाढात पालख्यांचे फोटो काढायचे आहेत, दिवाळीनंतर बहिणीबरोबर हंपीला जायचं आहे. तीन हजारांच्या आत छोटी बॅग हवी. सॅकच बरी, की छातीवरून तिरकी अडकवायची एका पट्ट्याची स्लिंग घेऊ?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, स्लिंग घ्या. पण त्याआधी तुमचं सामान जरा काट्यावर ठेवून बघू. १५००डीची बॉडी बॅटरीसकट पावणेपाचशे ग्रॅम, १८-५५ साधारण दोनशे, ५५-२५० पावणेचारशे ते चारशे, ५० मिमी एकशे साठ. सगळं मिळून सव्वा किलोच्या आसपास. एवढ्याने खांदा भरून येत नाही. सॅकमध्ये जागा असते म्हणून पाण्याची बाटली जाते, आणि लिटरभर पाणी म्हणजेच एक किलो. मग छत्री, डबा, चार्जर, स्वेटर. हे सगळं दुसऱ्या साध्या पिशवीत जाऊ द्या. हंपीला बहीण बरोबर आहेच.

कॅमेऱ्याच्या बॅगेत कॅमेरा, त्याला लावलेली एक लेन्स आणि जादा एकच लेन्स, एवढंच मावलं पाहिजे. तिन्ही लेन्स बरोबर असल्या की मी स्वतः दर दहा मिनिटांनी लेन्स बदलत बसते आणि बघणं बाजूला राहतं. कुठली न्यायची हे सकाळी घरी ठरवा. पालखीला ५० मिमी न्या, कारण पावसाळी आभाळात उजेड कमी असतो, ही लेन्स तो जास्त आत घेते, आणि वारकरी तुमच्यापासून हातभर अंतरावर असतात. हंपीला ५५-२५०. विरूपाक्षाच्या गोपुरावरची शिल्पं खालून उभं राहून टिपायची तर तीच हवी.

आता माप. लेन्स लावलेला कॅमेरा वर्तमानपत्रावर ठेवून पट्टीने मोजा. बॅगेत तो लेन्स खाली करून उभा राहील, शेजारी दुसरी लेन्स उभी. म्हणजे आतून साधारण २२ सेंटिमीटर लांब, १२ रुंद, १६ उंच जागा लागेल. पाच-सहा लिटरची बॅग पुरते. लेबलावर बऱ्याचदा बाहेरचं माप छापलेलं असतं आणि फोमची जाडी त्यातून वजा होते, म्हणून दुकानात जाताना कॅमेरा घेऊनच जा.

दुकानात बॅग रिकामी लावून आरशात बघण्यात अर्थ नाही. तुमचं सामान तिच्यात भरा, पट्टा छातीवरून तिरका घ्या, बॅग पाठीकडे सरकवा आणि चप्पल घालायला वाकतो तसं वाका. बॅग धप्पकन पुढे आली तर हंपीच्या मातंग टेकडीच्या पायऱ्या चढताना ती प्रत्येक पायरीला पोटावर आदळेल. चांगल्या स्लिंगला कमरेचा छोटा जादा पट्टा असतो, तो बॅगेला जागेवर धरतो. मग बॅग पुढे ओढा, एका हाताने चेन उघडा, कॅमेरा काढा. दुसरा हात लागलाच तर ती बॅग नको. झाकण अंगापासून बाहेरच्या बाजूला उघडणारं असावं. आपल्याकडे उघडणारं असेल तर झाकण पोटाला अडतं.

तुमचा उजवा खांदा दुखतो, म्हणून एक गोष्ट नक्की विचारा : पट्टा दोन्ही बाजूंनी लावता येतो का? काही स्लिंग एकाच खांद्यासाठी शिवलेल्या असतात. ज्यांचं बक्कल फिरवता येतं त्यांत तासाभराने खांदा बदलता येतो. त्याहून बरं म्हणजे कमरेलाही बांधता येईल अशी घ्या. वजन कमरेवर आलं की खांदा मोकळा. पट्टा चार-पाच बोटं रुंद हवा, बारीक नायलॉनचा गळ्याशी काचतो.

पालखीच्या गर्दीत पाठीवरची सॅक मला मुळीच पसंत नाही. नाना पेठेत निवडुंग्या विठोबाजवळ तुकोबांची पालखी आणि भवानी पेठेत पालखी विठोबाच्या देवळात माउलींची पालखी मुक्कामाला असते, तेव्हा त्या गल्ल्यांत वळायलाही जागा नसते. सॅक मागच्या माणसाच्या तोंडावर लागते आणि तिची चेन कोणी उघडली तरी तुम्हाला कळत नाही. पुढे घेतलेल्या स्लिंगवर आपला हात राहतो.

पावसाबद्दल दुकानदार सांगेल, कापड वॉटरप्रूफ आहे. पाणी शिरतं ते शिवणीतून आणि चेनमधून. घरी बॅगेत वर्तमानपत्राचे बोळे भरून ती पाच मिनिटं नळाखाली धरा, कागद कुठे भिजला ते बघा. रेनकव्हर बरोबर असलं तरी कॅमेरा काढताना ते दर वेळी सोलावं लागतं, त्यामुळे मी वरून आडवा फ्लॅप येणारी बॅग पसंत करते.

माझी स्वतःची बॅग करड्या कॅनव्हासची आहे. आतलं काळं अस्तर मी चेन बदलणाऱ्या कारागिराकडून काढून पिवळं लावून घेतलं. काळ्या अस्तरात लेन्सचं काळं झाकण संध्याकाळी सापडतच नाही. जमलं तर फिक्या अस्तराचीच निवडा.

हंपीसाठी दोन गोष्टी. खायचं काही कॅमेऱ्याच्या बॅगेत ठेवू नका, विरूपाक्ष मंदिराजवळची माकडं थेट पिशवीलाच हात घालतात. आणि तिवई (ट्रायपॉड) अडकवायचे पट्टे असलेली महाग बॅग घेऊ नका. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत तिवई लावायला वेगळी परवानगी लागते.

घरी आल्यावर कॅमेरा बॅगेत राहू देऊ नका. फोम दमट हवा धरून ठेवतो आणि पुण्याच्या पावसाळ्यात लेन्सच्या काचेवर बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून त्यात ठेवा. बॅग उघडी करून पंख्याखाली.

प्रश्न : विमानाने जाताना कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या आणि पॉवर बँक चेक-इनला द्यायच्या मोठ्या बॅगेत टाकल्या तर चालतं का?
— एक वाचक, विमाननगर

उत्तर : नाही. सुट्या लिथियम बॅटऱ्या आणि पॉवर बँक केबिनमध्ये स्वतःजवळच ठेवाव्या लागतात. १०० वॉट-तासांपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) वेगळी परवानगी लागत नाही. १०,००० एमएएचची पॉवर बँक ३७ वॉट-तासांची असते, कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या त्याहून कितीतरी लहान. धातूच्या टोकांवर झाकण बसवा, नाहीतर चिकटपट्टी लावा, आणि किल्ल्या-नाण्यांच्या कप्प्यात त्या टाकू नका.