इंग्लंडला घर घ्यायचंय? तयारी लातूरपासून करा

तुमचा प्रश्न असा: कंपनी इंग्लंडमधल्या रेडिंगला पाठवतेय, बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी सोबत येणार, तर औसा रोडवरचा फ्लॅट विकून तिकडे पहिल्याच वर्षी घर घ्यावं का? घरचे म्हणतात, भाडं भरणं म्हणजे पैसे पाण्यात. मी औसा तालुक्यातलाच, आता इथे रेडिंगमध्ये घर घेऊन राहतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या वर्षी घेऊ नका. पण त्या घराची तयारी मात्र लातूर सोडायच्या आधी करा, कारण इथे किती खर्च येणार याचा मोठा भाग तिथल्या कागदांवर ठरतो. हे कुणी सांगत नाही.

इंग्लंडमध्ये पहिलं घर घेणाऱ्याला ३ लाख पौंडांपर्यंत स्टॅम्प ड्युटी माफ आहे. ३ ते ५ लाखांमधल्या रकमेवर ५ टक्के, आणि घर ५ लाखांच्या वर गेलं की सवलतच नाही. मात्र पहिलं घर म्हणजे जगात कुठेही पहिलं. फ्लॅट तुमच्या नावावर असेल तर तो विकला तरी ही सवलत तुम्हाला मिळणार नाही. न विकता इथे घर घेतलं आणि फ्लॅटमधला तुमचा हिस्सा ४० हजार पौंड किंवा जास्त किमतीचा निघाला, तर इथल्या घराच्या पूर्ण किमतीवर आणखी ५ टक्के. या जादा कराला नवरा-बायको एकच धरतात, त्यामुळे फ्लॅट बायकोच्या नावावर आहे म्हणून सुटका होत नाही.

आता गावाकडचं घर. वडिलांच्या माघारी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ ला भावांसोबत तुमचंही नाव लागलंय का? वारशाने आलेला हिस्साही पहिल्या घराची सवलत घालवतो. जादा ५ टक्क्यांसाठी मात्र निम्म्यापर्यंतचा वारसा हिस्सा पहिली ३ वर्षं धरत नाहीत. शेताच्या सातबाऱ्यावर नाव असलं तर काही बिघडत नाही, ते राहतं घर नव्हे. कर वाचवायला घाईघाईने हक्कसोडपत्र करू नका, भावकीत त्याचे भलतेच अर्थ निघतात. पण कुणाचा हिस्सा किती, हे निघायच्या आधी कागदावर येऊ द्या. आणि शेत घ्यायचं मनात असेल तर तेही आधीच घ्या. अनिवासी झाल्यावर वारशाची शेती ठेवता येते, नवीन विकत घेता येत नाही.

फ्लॅट विकायचाच असेल तर तिथे असतानाच विका. विकणारा अनिवासी असला की घेणाऱ्याला टीडीएस वेगळ्या नियमाने कापावा लागतो, आणि लातूरचं गिऱ्हाईक त्या कटकटीला बिचकतं. सगळा व्यवहार बँकेतूनच करा. इथला वकील प्रत्येक पौंड कुठून आला ते विचारतो. घरचे कुणी किंवा सासरे मदत करणार असतील तर त्यांचं बँक स्टेटमेंट, खरेदीखत, मोंढ्यातल्या आडतीच्या पट्ट्या, सगळं जपून ठेवा. रोखीतल्या पैशाला इथे किंमत नाही.

आता घर शोधण्याबद्दल. यात माणूस मनाने थकतो. एजंट विकणाऱ्याचा असतो, तुमचा नाही. बघायला पंधरा-वीस मिनिटं मिळतात. तुम्ही सांगितलेली किंमत मालकाने मान्य केली तरी सह्या झालेल्या करारांची दोन्ही बाजूंत अदलाबदल होईपर्यंत कुणीच बांधील नसतं, आणि त्याला महिने लागतात. आमचं एक घर असंच गेलं. किंमत ठरली, पाहणीचे आणि वकिलाचे पैसे भरून झाले, पडदे कुठले लावायचे यावर बोलणं झालं, आणि मालकाला दुसऱ्याने जास्त दिले. भरलेले पैसे गेले ते गेलेच. आपल्याकडे इसार दिल्यावर निदान तोंडाची भीड असते. म्हणून अदलाबदल होईपर्यंत गावी पेढे वाटू नका. नातेवाइकांना तेच तेच सांगताना फार वाईट वाटतं.

रेडिंगमध्ये लाल विटांची, शंभर वर्षांहून जुनी घरं भरपूर आहेत. दिसायला देखणी, पण बऱ्याच घरांच्या भिंती भरीव, मध्ये पोकळी नाही, आणि ओल धरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगड-मातीच्या भिंतींनी काय केलं ते आमच्या घराने पाहिलंय. मी फोनवर स्वयंपाकघराचं कौतुक करत होतो तर आई म्हणाली, "भिंती बघायलास का नुसतं फरशीच बघायलास?" पुढच्या घरी मी कपाट जरा सरकवून मागे हात लावला. वॉलपेपर फुगलेला, बोटाला गार आणि ओलसर, खाली काळे ठिपके. बाकी खोली नुकती रंगवलेली होती. ते घर तिथेच सोडलं. जुन्या घराला सर्वेअरची लेव्हल ३, म्हणजे सगळ्यात सखोल, तपासणी करून घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

मनासारखं सगळं मिळत नाही. आम्ही स्टेशन लांब पत्करलं, तिसरी बेडरूम म्हणून दाखवली ती एक खाट जेमतेम मावेल एवढीच आहे, पण स्वयंपाकघराला दार असलेलं घर घेतलं, नाहीतर फोडणीचा वास अंथरुणापर्यंत जातो. दक्षिणेकडे तोंड म्हणून आईने नाक मुरडलं होतं. इथे दक्षिणेची बाजू म्हणजे हिवाळ्यातलं थोडंफार ऊन, आणि तेच आम्हाला हवं होतं. फ्लॅट स्वस्त दिसतील, पण बहुतेक लीजवर, म्हणजे ठरावीक वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतात. शिल्लक मुदत ८० वर्षांच्या खाली असेल तर हात लावू नका, आणि वर्षाचा सर्व्हिस चार्ज आधी विचारा.

भाड्याच्या त्या वर्षाचा उपयोग असा करा. पोहोचल्यावर मतदार यादीत नाव घाला. भारतीय नागरिकाला इथे तो हक्क आहे, आणि कर्जासाठीची पत त्याने सुधारते. तुमचा भारतातला सिबिल इथे कुणी बघत नाही, म्हणून एक क्रेडिट कार्ड घेऊन दर महिन्याला पूर्ण फेडत जा. व्हिसावर असताना काही बँका जास्त रक्कम आधी भरायला सांगतात, त्यामुळे फ्लॅटचे पैसे लगेच कुठे अडकवू नका.

मुलीचं आधी बघा. ४ वर्षं पूर्ण झाल्यावर येणाऱ्या सप्टेंबरात इथे शाळा सुरू होते, आणि त्यासाठीचा अर्ज त्या वर्षीच्या १५ जानेवारीपर्यंत द्यावा लागतो. बहुतेक सरकारी शाळांत घर किती जवळ यावर प्रवेश ठरतो, आणि भाड्याचा पत्ताही चालतो. तेव्हा आधी शाळा निवडा, मग तिच्या आसपास भाड्याचं घर शोधा.