ट्रॅक लावू नकोस, खरंच गा

काल रात्री पावणेबाराला तुझा मेसेज आला, 'काका, सर म्हणतायत फायनलला ट्रॅक लावू, दोरावर दम लागतो आणि सूर जातो, काय करू?' मी वाचला आणि मुद्दाम उत्तर दिलं नाही कारण तेव्हा दिलं असतं तर रागात दिलं असतं. आता सकाळी चहा घेऊन बसलोय, राग थोडा उतरलाय, पूर्ण नाही.

एकांकिका चांगली आहे, तू चांगली करतेस, हे मी सांगत बसणार नाही, तुला माहीत आहे. सर्कशीतली पोरगी दोरावर चढते आणि चढता चढता गाते हा प्रसंग तुमच्या लेखकाला सुचला तोच मुळात तुला बघून सुचला, कारण दोरीचा मल्लखांब लहानपणापासून करणारी आणि गळ्यात सूर असणारी पोरगी त्याच्या समोर उभी होती. आणि आता तोच सूर आधी रेकॉर्ड करून स्पीकरमधून सोडायचा आणि तू वर नुसते ओठ हलवायचे? मग गाणं कशाला ठेवलंय? सरळ बॅकग्राउंड म्युझिक लावा आणि मल्लखांबाचं प्रात्यक्षिक करा, निदान ते तरी खरं होईल.

तुला एक सांगतो. 2024 च्या उन्हाळ्यात मी मुलीकडे इंग्लंडला गेलो होतो ना, ती रेडिंगला राहते. तिनं मला एका नाटकाला नेलं. न्यूबरी गावाजवळ बॅग्नर म्हणून एक वाडी आहे, वाडीच म्हणायची, तिथे लॅम्बर्न नदीच्या काठी एक जुनी पाणचक्की आहे आणि त्या पाणचक्कीतच थिएटर केलंय, वॉटरमिल. दोनशेच्या आसपास खुर्च्या. आपल्या शिवाजी मंदिरच्या बाल्कनीत बसवाल तेवढी माणसं. तिथे 'बार्नम' हे म्युझिकल पुन्हा बसवलं होतं, सर्कसवाल्या बार्नमच्या आयुष्यावरचं. मी मनात म्हटलं एवढ्याशा जागेत सर्कस कुठे मावणार, हत्ती कुठे, झुला कुठे.

तर तिथे ऑर्केस्ट्रा वेगळा नाहीच. नटच वाजवतात. त्या थिएटरची ती पद्धतच आहे, 2004 मध्ये त्यांनी एक म्युझिकल असंच नटांच्या हातात वाद्यं देऊन केलं आणि ते पुढे लंडनला आणि ब्रॉडवेपर्यंत गेलं. मी बसलो होतो तिथून एक मुलगी अगदी हातभर अंतरावर आली. नाचून आलेली, गालावरून घाम ओघळतोय, खाली ठेवलेलं वाद्य उचललं, तोंडाला लावलं, आणि फुंकायच्या आधी तिनं समोरच्या नटाकडे बघितलं. त्यानं श्वास घेतला, तो तिनं बघितला, आणि मग दोघांनी एकदम सूर लावला. हात हलवून ताल देणारा कुणी नाही. एकमेकांच्या छातीकडे बघून चाललेलं सगळं. दुसऱ्या ओळीत तिचा श्वास तोकडा पडला, शेवटची जागा तिनं जरा आधी सोडली, आणि बाजूच्यानं ती अलगद उचलली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मुलगी म्हणाली बाबा काय झालं, मी म्हटलं काही नाही, सर्दी.

आता त्या बार्नमबद्दल ऐक, कारण हे तुझ्याच कामाचं आहे. 1810 चा जन्म, अमेरिकेतला कनेटिकटचा माणूस, आणि धंदा काय तर लोकांना थापा मारणं. सर्कस त्यानं साठी गाठल्यावर काढली, त्याआधी नुसती प्रदर्शनं. 1835 मध्ये जॉइस हेथ नावाची एक म्हातारी, आंधळी, गुलामीतली बाई त्यानं तिकीट लावून दाखवली, म्हणे हिचं वय 161 वर्षं आणि ही जॉर्ज वॉशिंग्टनची दाई. ती गेली तर तिचं शवविच्छेदनसुद्धा तिकीट लावून केलं, आणि डॉक्टर म्हणाले फार तर ऐंशीची असेल. मूळ नाटकात तिच्या तोंडी मजेदार गाणं दिलंय. ते मला पटत नाही, कधीच पटणार नाही, माणसाचे असे हाल केलेले असताना त्यावर ठेका धरायचा?

पण बघ, एवढ्या थापाड्या माणसावरचं नाटक थापा मारून करता येत नाही. 30 एप्रिल 1980 ला ते न्यूयॉर्कच्या सेंट जेम्स थिएटरात उघडलं, 854 प्रयोग झाले. जिम डेल नावाचा नट बार्नम करायचा. त्याला तारेवरून चालायचं होतं, तर तो तारेवरून खरंच चालायचा. रोज. पुढच्या वर्षी लंडनला मायकल क्रॉफर्डनं तेच काम केलं, त्यासाठी तो न्यूयॉर्कला सर्कशीच्या शाळेत जाऊन शिकला. नाटकवाला माणूस, नाव झालेला, चाळिशीला टेकलेला, तो सर्कस शिकायला गेला. तार जमिनीवर काढून त्यावरून चालल्याचा अभिनय करता आला असता की. केला नाही. आणि तू? तुला दोर येतो, गाणं येतं, दोन्ही अंगात आहे, आणि तू त्यातलं अर्धं मशीनला देणार?

खरंच गा. मला दुसरं काही सांगायचंच नाहीये.

तुम्हा पोरांना वाटतं की हे लाईव्हबिईव्ह जुन्या लोकांचं खूळ आहे. अगं सर्कशीतला बँड कसा चालतो माहितीये का? झुल्यावरचा माणूस हात सोडेपर्यंत ड्रमवाला घुमवत राहतो. एकदा झोका चुकला, पुन्हा झोका घ्यावा लागला, तर तो पुन्हा घुमवतो, त्याची नजर वर असते, वहीत नसते. वरच्याचा हात पकडला गेला की मगच तो झांज मारतो. म्हणजे वरच्या माणसासाठी खाली कुणीतरी थांबलेलं असतं. ट्रॅक थांबत नाही गं. तुझ्या तळव्याला घाम आला, पायाच्या अंगठ्यातला दोर सरकला, आढी, म्हणजे दोरावरची पायांची पकड, बसायला दोन सेकंद जास्त लागले, तर ट्रॅक पुढे गेलेला असेल आणि तू त्याला गाठायला घाई करशील. दोरावर घाई. हे तुझ्या मल्लखांबाच्या सरांना विचार, ते काय म्हणतील ते.

आणि हे इंग्लंड-अमेरिकेचं म्हणून सांगत नाहीये, आपलंच आहे हे. विष्णुपंत छत्र्यांची सर्कस, भारतातली पहिली, तिचा पहिला खेळ 20 मार्च 1880. कियारिनीची इटालियन सर्कस मुंबईत आली होती, ती बघून पंत पेटले, त्याची गोष्ट सांगलीकडे घरोघरी सांगतात. आणि अण्णासाहेब किर्लोस्करांचं 'शाकुंतल' पुण्यात उभं राहिलं 31 ऑक्टोबर 1880. एकाच वर्षी! सात महिन्यांच्या अंतरानं मराठी माणसानं तंबूपण उभा केला आणि संगीत नाटकपण. अजून पुढचं सांगतो, छत्रे नुसते घोडेवाले नव्हते, ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणं शिकलेला माणूस. खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ, अफाट गवई, पण आयुष्य विस्कटलेलं, त्यांना छत्र्यांनी सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. म्हणजे वाघसिंहांच्या आणि त्या गाण्याच्या बैलगाड्या एकाच रस्त्याने गेल्यात. तू जे करतेयस, दोर आणि सूर एकत्र, ते तुमच्या ग्रुपला वाटतं नवीन प्रयोग आहे. तसं नाहीये. तुझ्या मागे केवढं काय उभं आहे हे बघ जरा.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं ते लिहितो. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही.

पंचवीसेक वर्षांपूर्वी मी एका जुन्या संगीत नाटकात काम करत होतो, नाव नको. दौरा होता, सलग प्रयोग, माझा घसा बसला. निर्माते म्हणाले काळजी नको, तुझी सगळी पदं रेकॉर्ड केलेली आहेतच कॅसेटसाठी, ती लावू, तू फक्त उभा राहा. मी हो म्हटलं. घाबरलो होतो, नोकरी सांभाळून नाटक करत होतो, वाटलं एका प्रयोगाचा प्रश्न आहे. आमचे ऑर्गनवाले, साठीचे गृहस्थ, मला पोरासारखं वागवायचे, ते त्या दिवशी नेहमीच्या जागेवर येऊन बसले, ऑर्गनचं झाकण लावलेलं, आणि दुसऱ्या अंकातल्या पदाला मी तिरक्या नजरेनं बघितलं तर त्यांची बोटं त्या बंद झाकणावर चाललेली. सवयीनं. सगळ्या जागा घेत होते, लाकडावर.

ते पद संपलं आणि पुढच्या रांगेतून वन्समोर आला. पांढऱ्या टोपीतले एक आजोबा, हात वर करून. वन्समोर म्हणजे आम्हा लोकांना काय असतं तुला कसं सांगू. साउंडवाल्या पोरानं गडबडीत ट्रॅक मागे घेतला आणि परत सोडला. आणि तेच आलं. अगदी तेच. तीच मुरकी, त्याच ठिकाणी तोच श्वास, शेवटच्या तानेला जो बारीकसा घासल्यासारखा आवाज होता तोसुद्धा तसाच. आजोबा आधी मान डोलावत होते, मग मान थांबली, मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले नाहीत, काही नाही. वर केलेला हात हळूच मांडीवर ठेवला आणि बाजूला बघायला लागले.

तो हात मला अजून दिसतो.

त्यानंतर मी ट्रॅकवर उभा राहिलो नाही. निर्मात्यांना एकदा सोयीचं वाटलं ते मग नेहमीचंच झालं, ऑर्गनवाल्यांना दौऱ्यातून कमी केलं, मी भांडलो, मलाही कमी केलं. नंतर दोन-तीन चांगली कामं आली, सगळीकडे अट तीच, मी नाही म्हटलं. हिला वाटायचं मी उगाच ताणतोय. नातेवाईक अजून म्हणतात की हट्टापायी घरी बसला, नाहीतर कुठल्या कुठे असता. असू दे. बेसूर झालो असतो तर लोकांनी बेसूर ऐकला असता, पण मी गायलेलं ऐकलं असतं. आज माझ्याकडे चार शिष्य येतात, तूही त्यातली, माझ्यासमोर बसून चुकता आणि मी तुम्हाला थांबवून परत म्हणायला लावतो, ते मी कुठल्या तोंडानं केलं असतं? चुकलो मी एकदाच, त्या रात्री हो म्हटलं तेव्हा. नंतरचं एकही नाही म्हटलेलं चुकलेलं नाही, हे मी तुलाच नाही, कुणालाही तोंडावर सांगेन.

बरं, आता कामाचं. सूर जातो कारण तू काळी चारच्या पट्टीत म्हणतेयस आणि तुमचं ते गाणं तार सप्तकात नाचतंय. पांढरी पाचला आण. नाही बसलं तर अजून खाली. पट्टी उतरवण्यात कमीपणा नाही, वर लटकून ओरडण्यापेक्षा बरं. दुसरं, आढी सुटेपर्यंत आणि पुढची बसेपर्यंत एक शब्द तोंडातून काढायचा नाही, तिथे पेटी भरेल. आढी पक्की झाली की मग ओळ. उलटी होतेस तिथे तर गाऊच नकोस, तिथे नुसता षड्ज धर, जमेल तेवढा. पोटावर ताण येतो तिथे लांब ओळ कुणीच म्हणू शकत नाही, तो दोष तुझा नाही, चाल बांधणाऱ्याला सांग की हा अंतरा दोन तुकड्यात तोड, त्याला राग आला तर येऊ दे. आणि दम लागलेला लपवू नकोस, बाई. सर्कशीतली पोरगी दोरावर चढलीये, तिला दम लागणार नाही तर कुणाला लागणार? प्रेक्षकाला तो दम ऐकू जाऊ दे.

परीक्षक मार्क कापतील म्हणतेस. कापू देत ना. मी अनेक स्पर्धा बघितल्यात, निकालाचं सोडून बोल.

तुझे सर म्हणतात पेटीवाला मिळत नाही, मिळाला तर रोज तालमीला परळला येणार नाही, पैसे मागतो. हे मात्र मला मान्य आहे, तुमच्याकडे पैसे नाहीत. म्हणून ऐक, मी येतो. गुरुवारपासून संध्याकाळी सहाला. माझी पेटी जुनी आहे पण भाता अजून घट्ट आहे, पांढरी पाच छान बोलते तिची. टॅक्सीचे पैसे कुणी काढायचे नाहीत. मला दोराच्या पायथ्याशी, विंगेत नाही, स्टेजवर एक पाट ठेवायला सांग, अशा ठिकाणी की मान वर केली की मला तुझे पाय दिसतील. अंगठ्यात दोर बसला की मी सूर देईन. बसला नाही तर बसेपर्यंत वाजवत राहीन, तू सावकाश चढ.

तुझा
काका