रामसे बंधूंचे ८०च्या दशकातले भयपट आज पुन्हा बघावेत का? सुरुवात कुठून करावी?

हो, जरूर बघा, आणि सुरुवात 'पुराना मंदिर' (१९८४) पासूनच करा. मी रामसेंचे बरेचसे सिनेमे मोठेपणी पुन्हा पाहिलेत. लहानपणची ती भीती आता वाटत नाही, पण तेव्हा न दिसलेली कारागिरी दिसते. घरचीच भावंडं दिग्दर्शन, कॅमेरा, ध्वनी सांभाळायची. पैसा कमी, म्हणून धूर, निळा-लाल उजेड आणि करकरणारं दार यांवर सगळी मदार. 'पुराना मंदिर'मधल्या सामरी या सैतानाचं धड एकीकडे पुरलेलं आणि मुंडकं पेटीत बंद, ही कल्पना आजही अंगावर येते. सामरी साकारणाऱ्या अनिरुद्ध अग्रवाल यांच्या उंचीचा आणि चेहऱ्याचा इतका नेमका वापर क्वचितच कुणी केला असेल. त्यांचं नुसतं उभं राहणं पुरतं.

त्यानंतर:
- 'वीराना' (१९८८): वातावरणासाठी
- 'बंद दरवाज़ा' (१९९०): ड्रॅक्युलाचा देशी अवतार

एक मात्र आहे. मधले विनोदी प्रसंग फार रेंगाळतात, तेवढे खुशाल पुढे पळवा. बायकांचं चित्रणही आज खटकतं, त्यामुळे मुलांना घेऊन बसू नका. आणि मोबाइलवर नको. दिवे मालवून, आवाज मोठा ठेवून बघा.