एखादा माणूस नरकात गेला असं कॅथलिक लोक खात्रीने म्हणू शकतात का? हिटलरबद्दल चर्च काय म्हणतं? आणि आत्महत्या केलेल्यांचं काय?

नाही म्हणू शकत. नाव घेऊन तर कोणाबद्दलच नाही. चर्च संत जाहीर करतं, त्याच्यासाठी वर्षानुवर्षं चौकशी चालते, चमत्कार तपासतात, पण याच्या उलटी यादी, म्हणजे अमुक अमुक नरकात आहेत अशी, आजपर्यंत कधी निघाली नाही. हिटलरचंही नाव जाहीर केलेलं नाही आणि येशूला पकडून देणाऱ्या त्याच्या शिष्याचं, यहूदाचंही नाही, आणि यहूदाबद्दल तर येशू स्वतः म्हणाला होता की तो जन्मलाच नसता तर बरं झालं असतं.

हे मला एवढं पाठ आहे त्याचं कारण आमचे मोठेबाबा. माझा मामा रेल्वेत होता, नागपुरात अजनीत राहायचा. त्याने एका बौद्ध मुलीशी कोर्टात लग्न केलं, चर्चमध्ये केलं नाही, त्यामुळे कम्युनियन, म्हणजे मिस्सात मिळणारा पवित्र प्रसाद, बंद, आणि कम्युनियन बंद म्हणून मग हळूहळू मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणंही बंद. दसऱ्याला मामीसोबत दीक्षाभूमीवर पाणी वाटायला उभा राहायचा, नाताळला आमच्याकडे केक खायला यायचा, दोन्हीकडे सारखाच खूश. एका रात्री झोपेतच गेला, हार्ट अटॅक. ना कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, ना फादरला बोलवायला वेळ.

आईची इच्छा होती की २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, त्याच्यासाठी मिस्सा ठेवायची. घर भरलेलं, मामी समोर बसलेली, आणि मोठेबाबा चहा घेता घेता म्हणाले, "त्याच्यासाठी मिस्सा काऊन ठेवता? प्राणघातक पापात मेला तो. नरकातल्या माणसाले प्रार्थना लागत नाही." मी म्हटलं, मोठेबाबा, तुमाले वरून फोन आला का? मग जे व्हायचं ते झालं, लहान तोंडी मोठा घास वगैरे, बाबा माझ्यावरच चिडले, मामी उठून आत गेली.

आता गंमत बघा, हेच मोठेबाबा रविवारी पोरांना धर्मशिक्षण द्यायचे. पाप प्राणघातक, म्हणजे पश्चात्ताप न करता मेलं तर नरकात नेणारं, व्हायला तीन गोष्टी लागतात हे त्यांनीच आम्हाला घोकून घेतलं होतं: गोष्ट गंभीर पाहिजे, ती गंभीर आहे हे पुरतं माहीत पाहिजे, आणि स्वतःच्या मर्जीने केलेली पाहिजे. पहिली बाहेरून दिसते. बाकीच्या दोन माणसाच्या आत असतात, त्या मोठेबाबांना कशा दिसल्या? कॅटेकिझमचा, म्हणजे चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत पुस्तकाचा, १८६१ नंबरचा परिच्छेद काढून वाचा, कृत्य गंभीर आहे हे आपण म्हणू शकतो पण माणसाचा निवाडा देवाच्या न्यायावर आणि दयेवर सोडायचा, असं सरळ लिहिलं आहे.

मिस्सा झालीच. फादरने काही न विचारता नाव लिहून घेतलं. चर्चला खात्री असती तर लिहिलं असतं का? मेलेल्यांसाठी प्रार्थना करतात कारण त्यांचं काय झालं ते कोणाला माहीत नसतं, एवढं साधं आहे.

आत्महत्या केलेल्यांचंही तुम्ही विचारलं आहे. १९१७ च्या कॅनन लॉमध्ये, म्हणजे चर्चच्या कायद्यात, त्यांना चर्चचा अंत्यविधी नाकारलेला होता, १९८३ च्या नव्या कायद्यातून ते काढलं, आणि कॅटेकिझम तर म्हणतं की त्यांच्या तारणाची आशा सोडू नका, पश्चात्तापाची संधी देव त्यालाच माहीत असलेल्या मार्गाने देऊ शकतो. फ्रान्समधल्या आर्स गावचे संत जॉन व्हियानी यांची गोष्ट सांगतात ना, नवऱ्याने पुलावरून उडी मारली म्हणून खचलेल्या बाईला ते म्हणाले की पूल आणि पाणी यांच्यामध्ये त्याला पश्चात्तापाला वेळ मिळाला. हे व्हियानी १८५९ मध्ये वारले. म्हणजे मोठेबाबा जे म्हणतात ना की व्हॅटिकन दोननंतर, म्हणजे १९६२ ते ६५ च्या बिशपांच्या परिषदेनंतर, चर्च ढिलं पडलं, ते फुकटचं आहे. त्याच्याही मागे जा, चर्चची ट्रेंटची परिषद, १५४७, तिथे ठरलं की देवाने खास प्रकट केल्याशिवाय माणूस स्वतःबद्दलसुद्धा खात्रीने म्हणू शकत नाही की मी निवडलेल्यांमध्ये आहे. स्वतःचं माहीत नाही आणि मामाचं माहीत!

हां, याचा अर्थ नरक नाही किंवा सगळे आपोआप स्वर्गात जातात असा काढू नका. नरक आहे ही चर्चची शिकवण आहे, आणि बहुतेक लोक तिथेच जाणार असं मानणारे संत ऑगस्टीनसारखे मोठे लोक होऊन गेले. आणि मामाचं लग्न चर्चच्या नियमात बसत नव्हतं हेही खरं, ते मी नाकारत नाही. पण नियम मोडला हे सांगणं वेगळं आणि शिक्षा सुनावणं वेगळं.

तुमच्या घरात कोणी असं बोललं असेल तर उत्तर तिथल्या तिथे, चारचौघात द्या. नंतर बाजूला घेऊन समजावण्यात अर्थ नाही, कारण ज्याला लागलं तो माणूस तोवर उठून गेलेला असतो. मामी त्यानंतर मोठेबाबांच्या घरी आली नाही, आणि मला विचाराल तर तिने येऊही नये, जायचंच असेल तर मोठेबाबांनी अजनीला जावं.