होमस्टेचं इंग्रजी: आधी ‘पर्यंत’ सांभाळा

ताई, व्याकरणाचं पुस्तक सध्या मिटून ठेव. आपला ‘पर्यंत’ आधी बघ, सगळे तिथेच फसतात. ‘पाचपर्यंत ये’ म्हणायचं तर ‘बाय फाइव्ह’. ‘पाचपर्यंत थांब’ला ‘टिल फाइव्ह’. मालवणात मी पाहुण्यांना ‘बी ॲट द जेटी टिल फाइव्ह’ म्हटलं. बिचारे चारपासून उन्हात उभे, पाचच्या ठोक्याला निघून गेले. होडी लागली पाच-पाचला!

दुसरं, क्रियापद शेपटासकट पाठ कर:
- लुक फॉर: शोधणं
- लुक आफ्टर: सांभाळणं
- शाउट टू: लांबून हाक मारून सांगणं
- शाउट ॲट: अंगावर ओरडणं (हे पाहुण्यांशी नको गो!)

‘डिस्कस’ला ‘अबाउट’ लावू नकोस. बाकीचं पावसाळ्यात, पाहुणे नसताना.