गळक्या गच्चीसाठी सल्लागार नेमावा का?

नाशिकच्या इंदिरानगरातील आपली चार मजली सोसायटी २२ वर्षांची आहे आणि तीत २४ सदनिका आहेत. सात वर्षांत गच्चीवर तीन वेळा कोटिंग होऊनही यंदा वरच्या मजल्यावरील दोन घरांत पाणी ठिबकले. एक ठेकेदार जुन्या कोब्यावरच नवा कोबा घालू म्हणतो, दुसरा मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा अखंड थर, सुचवतो. अशा वेळी वेगळे शुल्क देऊन सल्लागार नेमावा का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अवश्य नेमावा, मात्र तो स्वतः ठेका घेणारा किंवा वॉटरप्रूफिंगचे साहित्य विकणारा नसावा.

तीन वेळा पैसे खर्च झाले, पण पाणी नेमके कोठून शिरते हे एकदाही कोणी शोधून कागदावर मांडलेले दिसत नाही. खरी अडचण तेथेच आहे. ठेकेदार आपल्याकडे जे आहे तेच सुचवणार, आणि त्यात त्याचा दोषही नाही. निदान करणे हे त्याचे कामच नव्हे.

नव्या कोब्याच्या प्रस्तावावर आधी बोलतो, कारण त्याची मला खरोखर काळजी वाटते. चार इंच जाडीच्या ब्रिकबॅट कोब्याचे, म्हणजे विटांचे तुकडे घालून केलेल्या कोब्याचे, वजन दर चौरस मीटरला साधारण २०० किलो भरते. वावर असलेल्या गच्चीवर माणसे आणि हलणाऱ्या वस्तूंसाठी भारतीय मानकात जो भार धरतात, तो दर चौरस मीटरला सुमारे १५० किलो आहे. म्हणजे दुसरा कोबा घातला की एवढ्या मोठ्या गर्दीहून अधिक वजन त्या स्लॅबवर कायमचे बसते, आणि तेही सळई गंजू लागली असण्याची शक्यता असलेल्या वयात. शिवाय खालच्या कोब्यात मुरलेले पाणी आतच अडकून राहते. जुना कोबा पोकळ वाजत असेल तर तो काढूनच नवा घालावा, आणि तो निर्णय स्लॅब तपासल्यानंतर घ्यावा.

पाणी जेथे ठिबकते त्याच्या बरोबर वर छिद्र असतेच असे नाही. ते कोब्याच्या आत उताराने दूरवर जाते आणि स्लॅबमध्ये जेथे भेग किंवा विजेचा पाइप सापडेल तेथे खाली उतरते. गंगापूर रोडवरील एका इमारतीत दोन वर्षे गच्चीवर खर्च झाला होता. मी गेलो तेव्हा त्या घरमालकांना एवढेच विचारले की फेब्रुवारीतही ओल दिसते का. दिसत होती. दोष पाण्याच्या टाकीतून उतरणाऱ्या पाइपाच्या सांध्यात निघाला. केवळ पावसात गळत असेल तर गच्ची, कठडा किंवा बाहेरची भिंत पाहावी. बाराही महिने ओल असेल तर टाकी आणि नळाच्या लाइन आधी पाहाव्यात. आणि वाऱ्याच्या सरींतच गळत असेल तर पश्चिमेकडील कठड्याच्या माथ्यावरील भेगा तपासाव्यात. कठडा आणि गच्ची जेथे मिळतात तेथील वाटा, म्हणजे ती गोलाई, आणि पावसाळी पाइपाचे तोंड या दोन जागा मला सर्वाधिक वेळा दोषी आढळल्या आहेत.

नाशिकचे हवामानही लक्षात घ्यावे. येथे मे महिन्यात पारा चाळिशी गाठतो आणि डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे तो एक आकडी होतो. वीस मीटर लांबीचा स्लॅब तापमानातील ३० अंशांच्या फरकाने साधारण सहा ते सात मिलिमीटर लांबतो किंवा आखडतो. ही हालचाल कोबा आणि कठडा यांच्या सांध्यावर येते, म्हणून तेथे भरलेला सिमेंटचा कडक गिलावा पुन्हा पुन्हा फाटतो. भेगेत लवचिक सीलंट का भरावा लागतो, याचे उत्तर यात आहे.

सल्लागाराकडून केवळ एक पानी शिफारस घेऊ नये. गच्चीचा नकाशा, त्यावर भेगा, पोकळ भाग आणि पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी साचून राहणाऱ्या जागा, वरच्या घरांतील ओलीच्या खुणा आणि छायाचित्रे हे सर्व लेखी मागावे. गच्चीचा ढाळ शंभरास एक तरी आहे का, हे लेव्हलने मोजून घ्यावे. त्यानंतर त्याने कामाची बाबवार यादी करावी आणि सर्व ठेकेदारांनी त्याच यादीवर दर भरावेत. आज आपल्याकडे असलेल्या दोन प्रस्तावांची तुलनाच होऊ शकत नाही, कारण ती दोन वेगवेगळी कामे आहेत. शुल्क ठरावीक रकमेत ठरवावे. खर्चाच्या टक्केवारीत ठरवले तर काम जितके वाढेल तितका सल्लागाराचा लाभ वाढतो, आणि ते मला योग्य वाटत नाही.

इमारत १५ ते ३० वर्षांची असेल तर पाच वर्षांतून एकदा, आणि त्याहून जुनी असेल तर तीन वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करावे, असे गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितले आहे. आपले ऑडिट बाकी असेल तर दोन्ही कामे एकत्र करावीत. गच्चीच्या गळतीचा खर्च उपविधींनुसार संस्थेचा असतो. तो वरच्या मजल्यावरील सभासदांवर टाकणे अन्यायाचे आहे. दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडासाठी, म्हणजे मोठ्या दुरुस्तीसाठी साठवायच्या राखीव निधीसाठी, पाव टक्का आकारणी अपेक्षित आहे, पण २२ वर्षांपूर्वीच्या खर्चावरील ही रक्कम आजच्या दरांपुढे तोकडी पडते. म्हणून पुढील दहा वर्षांत गच्चीवर कोणत्या वर्षी काय करावे लागेल, याचा अंदाज सल्लागाराकडूनच घेऊन आकारणी आताच थोडी वाढवावी.

वेळेचे म्हणाल तर पाहणी दिवाळीपूर्वी करावी, कारण ओलीच्या खुणा तोवर ताज्या असतात. दर हिवाळ्यात मागवावेत आणि काम मार्च ते मे या काळात करावे. कोटिंगच्या आदल्या रात्री प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून ठेवावा; सकाळी त्याखाली पाण्याचे थेंब दिसले तर काम थांबवावे, कारण ओल्या कोब्यावरच्या थराला फुगे येतात आणि तो सुटतो. काम पूर्ण झाल्यावर पाइपांची तोंडे बांधून ४८ तास पाणी साठवावे आणि खालच्या प्रत्येक घरात जाऊन छत पाहावे. अंतिम देयक त्यानंतरच द्यावे.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरीही सांगतो. सोसायटीत सौर पॅनेलचा विचार चालू असेल तर तो हे काम होईपर्यंत थांबवावा. पॅनेल सुमारे २५ वर्षे टिकतात, पण अ‍ॅक्रिलिक कोटिंग मात्र काही वर्षांतच पुन्हा करावे लागते. पॅनेलखाली हात पोहोचेल एवढी उंची ठेवावी, आणि त्याच्या पायांसाठी कोब्यात भोके पाडू न देता काँक्रीटचे ठोकळे वापरावेत. त्या ठोकळ्यांचे वजनही सल्लागाराने स्लॅबच्या हिशेबात धरले आहे ना, हे आधी लेखी विचारून घ्यावे.